तळ्याचं 'पॅकेज' घेण्याआधी हे वाचा

परसात तळं खोदायचं, प्लास्टिक अंथरायचं, मासे सोडायचे, सगळं एकाच माणसाने करून द्यायचं, अशी पॅकेजं विकणारे आमच्या गुहागर तालुक्यात फिरतायत. आमच्या घरामागे असं एक तळं आहे. पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, म्हणजे दीड गुंठा. त्यात एक लाख नव्वद हजार रुपये गेले.

मला मत्स्यशेती करायची नव्हती. मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईहून पुतणे-भाचरं येतात. त्यांनी माडाच्या सावलीत गळ टाकून बसावं, चार मासे लागले तर दुपारी कालवण व्हावं, एवढीच हौस. ही हौस पॅकेज विकायला आलेल्या माणसाने बरोबर ओळखली. बोलायला गोड, प्रत्येक वाक्याला 'काका'. मोबाईलवर तळ्यांचे व्हिडिओ, पिकअपवर माशाचं चित्र. त्याचं किंवा त्याच्या फर्मचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. आणि नाव तो बदलतोच.

त्याच्या धंद्याची सगळी मेख हप्त्यांत आहे. अर्धे पैसे जेसीबी आला की, उरलेल्यातले बरेचसे प्लास्टिक अंथरलं की, आणि शेवटचे पैसे बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलं की. ऐकायला रास्त वाटतं. पण बीज पडतं जुलैच्या सुरुवातीला, आणि तळं गळतं की नाही हे कळतं पाऊस सरल्यावर. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दिवसांत चाळणीसुद्धा भरलेली दिसेल. मासा कुठल्या जातीचा, हेही तो हाताएवढा झाल्यावरच सामान्य माणसाला कळतं. म्हणजे खोट उघडी पडायच्या आत त्याचा शेवटचा रुपया वसूल झालेला असतो.

आता एकेक सांगतो. खोदाईचे 68,000 घेतले, खोली आठ फूट ठरली होती. मोजून दाखवली तेव्हा टेप भरला आठ फूट. मात्र टेपचं वरचं टोक धरलं होतं नव्याने टाकलेल्या बांधाच्या माथ्यावर. तो बांध म्हणजे खोदलेल्या भुसभुशीत मातीचा ढीग, त्यावर ना पाणी मारलं ना रोलर फिरवला. पहिल्या पावसात तो दबला आणि मुठ्यांनी, म्हणजे छोट्या खेकड्यांनी, त्यात बिळं केली. मूळ जमिनीपासून मोजलं तर खोली जेमतेम पाच फूट. खाली कातळ लागला म्हणून जेसीबी थांबवला होता, हे नंतर चालकाकडून कळलं.

प्लास्टिकचे 65,000. कोटेशनमध्ये '500 मायक्रॉन जिओमेम्ब्रेन', म्हणजे अर्धा मिलीमीटर जाडीचं अस्तर, असं लिहिलेलं. जांभ्याच्या जमिनीत पाणी धरत नाही, त्यामुळे अस्तर इथे लागतंच, त्यात तो खोटं बोलत नव्हता. पण जांभ्याचे कंगोरे सुरीसारखे असतात. आधी दगड वेचून, बारीक मातीचा थर देऊन मग प्लास्टिक घालायचं असतं, आणि जोड उष्णतेने वितळवून एकजीव करायचे असतात. आमच्याकडे दगडांवरच पसरलं आणि जोडांना चिकटपट्टी लावली. जुलैच्या मुसळधारेत खालून झऱ्यांचं पाणी भरलं आणि मधोमध प्लास्टिक फुगून वर आलं. फोन केला तर म्हणाला, "काका, हवा धरलीय, आपोआप बसेल." ऑक्टोबरात आकाश कोरडं झालं आणि पाणी रोज चार बोटं खाली जायला लागलं. उन्हाने एवढं आटत नाही.

जाडी तपासायला प्रयोगशाळा नको. उरलेल्या प्लास्टिकमधून मीटरभर लांब, मीटरभर रुंद तुकडा कापा आणि वाण्याच्या काट्यावर ठेवा. एचडीपीई, म्हणजे अस्तराचं हे प्लास्टिक, 500 मायक्रॉनचं असेल तर काटा 475 ग्रॅमच्या जवळपास दाखवतो. आमचा तुकडा 190 ग्रॅम भरला, म्हणजे 200 मायक्रॉन. शेततळ्याच्या विणलेल्या प्लास्टिक अस्तराला भारतीय मानक आहे, आयएस 15351. बिलावर तो क्रमांक आणि मायक्रॉन दोन्ही लिहून घ्या, आणि कामगार अंथरायला लागायच्या आधी वजन करा.

बीजाचा प्रकार तर कमालच. 2,500 'रोहू-कटला बोटुकली' (बोटाएवढी पिल्लं) बारा रुपये दराने आणि 200 'जिताडे' साठ रुपये दराने, एकूण 42,000. एवढ्या पाण्यात मुळात किती मासे सोडायचे? रोहू, कटला, मृगळ हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली सोडतात. दीड गुंठ्याला दीडशे म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याने सोडले 2,700. शिवाय जिताडा हा शिकारी मासा, लहान मासे गिळतो, स्वतःच्या भावंडांनाही सोडत नाही. जो माणूस त्याला रोहूच्या पिल्लांबरोबर एकाच तळ्यात टाकतो, त्याला एकतर मासा कळत नाही, नाहीतर आपण देतोय तो जिताडा नाही हे पक्कं माहीत असतं.

पिशव्या रात्री आल्या. "दिवसा उन्हाने बीज मरतं, काका." हे निम्मं खरं आहे, थंड वेळी सोडणंच चांगलं, पण त्यासाठी पहाटही चालते. अंधारात मोजणी झालीच नाही. एका पिशवीत पाचशे असं सांगून पिशव्या ओतल्या. चार इंची बोटुकली असती तर पाचशे एका पिशवीत मावलीच नसती. ते होतं नखाएवढं बीज, ज्याला बोटुकलीच्या मानाने काहीच भाव नसतो.

ऑक्टोबरच्या शेवटी खारवीवाड्यातल्या आमच्या दत्तूकाकांनी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकला. आला तो मासा तळहाताएवढा, अंगावर उभे पट्टे, वरच्या परावर काटे. काकांनी त्याचं तोंड अंगठ्याने उघडलं तर आतून पिवळी अंडी ओघळली. "हा कसला जिताडा रे? ही चिलापी. मादी अंडी तोंडात धरते." त्यांनीच सांगितलं की जिताड्याचं तोंड मोठं, जबडा डोळ्याच्या मागपर्यंत, कपाळ खोलगट, शेपटी गोल, आणि बॅटरी मारली की डोळा लाल चमकतो. पोर असतं तेव्हा रंग तपकिरी आणि नाकाडापासून पाठीपर्यंत एक पांढरी रेघ. पिशवी फोडायच्या आधी बशीत एक मासा काढून ही रेघ पाहायला दोन मिनिटं लागतात.

चिलापी म्हणजे तिलापिया. दोन-तीन महिन्यांत विते, तळं पिल्लांनी भरून टाकते आणि मग कुणीच वाढत नाही. ती पाळायला मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगीही लागते, ती आमच्याकडे नव्हती हे ओघानेच आलं. रोहू-कटला म्हणून दिलेल्यांतले काही खरे निघाले, पण दाटीत बोटभरच राहिले.

'खाऊन उरेल तो मासा आम्ही किलोला दीडशेने उचलू' असा करारही होता, स्टँपपेपरवर. त्यात एक ओळ बारीक अक्षरात: नग किमान एक किलोचा हवा. अशा तळ्यात एक किलोचा मासा होणारच नाही हे ती ओळ लिहिणाऱ्याला माहीत होतं.

आणि 15,000 'अनुदानाच्या फाईलचे', रोख. "काकींच्या नावे करू, महिलांना साठ टक्के." प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना 60 आणि सर्वसाधारण गटाला 40 टक्के हे खरंच आहे, म्हणून तर ते पटतं. रत्नागिरीला चौकशी केली तेव्हा समजलं की अशी कुठली फाईल तिथे आलेलीच नाही, अर्ज आपला आपण करायचा असतो, पैसा थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतो, आणि मंजुरीआधी उरकलेल्या कामाला अनुदान बसत नाही.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. वकील न लावताही अर्ज देता येतो, आणि आधी सल्ला हवा असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. कोटेशन, बँकेतून दिलेल्या पैशांच्या नोंदी, प्लास्टिकचा तो तुकडा वजनाच्या फोटोसकट आणि पागात आलेल्या माशांचे फोटो जोडलेत. रोख दिलेल्या 15,000 चा पुरावा एकच, व्हॉट्सअॅपवर त्याने पाठवलेलं "मिळाले काका".

शेजारच्या तालुक्यातल्या एकांचा फोन आला होता. त्यांच्याकडे तोच पिकअप गेला, फर्मचं नाव वेगळं, आणि आता तळ्याऐवजी बायोफ्लॉकच्या, म्हणजे दाटीने मासे वाढवायच्या, टाक्या विकतोय. हप्ते तेच तीन आहेत. शेवटचा बीज सोडल्यावर.