टॅग की एडीटी? कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर घेताना

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत कुणीतरी काका गाठतातच, अरे तू कम्युनिटी कॉलेजमधून गेलास ना, मग आमच्या पोरीने टॅग करावा की एडीटी? आता एका हातात मसालेभाताचं ताट घेऊन हे नीट सांगता येत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. कम्युनिटी कॉलेज म्हणजे इथलं दोन वर्षांचं स्वस्त कॉलेज, तिथून पुढे सरकारी विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायची. अशी विद्यापीठं दोन गटांत, यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी). टॅग म्हणजे यूसीत प्रवेशाची हमी, एडीटी म्हणजे सीएसयूत. कॅलिफोर्नियापुरतंच हां, बाकी स्टेटचं मला काही कळत नाही.

कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर, ते गणित तुम्ही आधीच करून बसला असाल, ते सोडतो. जनरल एज्युकेशनचाही (म्हणजे मुख्य विषयाखेरीज सगळ्यांनाच करावे लागणारे कोर्सेस) आता फार त्रास नाही. माझ्या वेळी सीएसयूची यादी वेगळी, यूसीला चालणारी वेगळी असा घोळ होता, २०२५ च्या फॉलपासून दोघांना मिळून कॅल-गेटसी ही एकच यादी आहे. मग उरतं काय, तर गॅरंटी नक्की कशाची.

एडीटी ही २०१० च्या कायद्यातून आलेली डिग्री. ठरलेल्या साच्यात ६० युनिट, जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) २.० चालतो, सीएसयूत जागा पक्की, आणि मेजर (मुख्य विषय) जुळला की तिथे आणखी ६० युनिटांत सुटका. आपल्याकडे डिप्लोमावाले डायरेक्ट सेकंड इयरला जातात ना, तसंच, फक्त इथे थर्ड इयर. टॅग यूसीसाठी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, यातला एकच निवडायचा. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो यात नाहीतच. जीपीए जास्त लागतो, मेजरचे कोर्सेस कॅम्पसप्रमाणे बदलतात, त्यामुळे कुठला कोर्स कुठे चालतो हे दाखवणाऱ्या असिस्टच्या साइटवर आपल्या कॉलेजचं पान उघडून एकेक कोर्स ताडून बघावा लागतो. शिवाय सगळे मेजर मिळतात असंही नाही, उदाहरणार्थ सँटा बार्बराचं इंजिनिअरिंग टॅगमध्ये नाही.

म्हणजे कागदावर एडीटीच सोपी, फीसुद्धा यूसीच्या निम्म्याहून कमी. माझा मेजर इकॉनॉमिक्स, मनातून सीएसयूच हवी होती, घरून बसने जायचं, आईच्या हातचं खायचं. टॅग भरला तो काउन्सेलर मागे लागली म्हणून, डेव्हिससाठी.

आणि इथेच ती गोष्ट आली जी मला अजून खुपते. एडीटीची गॅरंटी सीएसयू सिस्टिमची असते, कॅम्पसची नाही. हे लिहिलेलं असतं, मी वाचलंही होतं, पण वाचणं वेगळं आणि मार्चमध्ये मेल येणं वेगळं. घराजवळच्या कॅम्पसला अर्ज जास्त, तिथे नाही जमणार, पण दुसऱ्या एका कॅम्पसला जागा आहे, हवी तर घ्या. नियमाप्रमाणेच होतं सगळं, कुणाची चूक म्हणता येणार नाही. आईने डायनिंग टेबलवरच मॅप उघडला, पावणेपाच तास. मग खोलीचं भाडं आलं, गाडी आली, स्वस्ताईचा हिशोब तिथेच कोसळला, बाबा तर काही बोललेच नाहीत, नुसते चष्मा पुसत राहिले.

टॅगचं उत्तर मात्र नोव्हेंबरच्या मध्यालाच हातात होतं. कुठला कॅम्पस, कुठला मेजर, सगळं लिहून. अट एवढीच की यूसीचा मुख्य अर्जही वेळेत भरायचा आणि उरलेले कोर्सेस ग्रेडसकट पूर्ण करायचे. मार्चचा तो मेल आला तेव्हा घरात फार रडारड झाली नाही ती त्यामुळेच.

आता प्रत्येकाचं माझ्यासारखंच होईल असं अजिबात नाही. घराजवळच्या सीएसयूत तुमच्या मेजरला गर्दी नसेल, किंवा जीपीए तीनच्या खाली रेंगाळत असेल, तर एडीटी छानच आहे, माझा एक मित्र सायकॉलॉजीला तसाच गेला आणि मजेत आहे. दोन्ही एकदम करायलाही कुणी अडवत नाही, मी केलंच की. पण वेळ आणि डोकं एकालाच पुरणार असेल तर, माझं आपलं मत, आधी टॅग बघा.

फक्त टॅग भरताना ३० युनिट झालेली असावी लागतात, आणि फॉर्मची खिडकी १ ते ३० सप्टेंबर, म्हणजे बहुतेक वर्षी नेमकी गणपतीच्या धावपळीत. माझा फॉर्म ३० तारखेला रात्री साडेअकराला गेला, पार्किंग लॉटमध्ये, मांडीवर लॅपटॉप आणि शेजारच्या सीटवर उरलेल्या मोदकांचा डबा.