बिनगोळीची शिट्टी: दोर सोडला तर नाद खुळा

गल्लीतल्या पोरांच्या मॅचेसना पंच मीच. जुन्या शिट्टीतली बुचाची गोळी पावसात फुगायची आणि ऐन फाऊलला नुसती 'फुस्स'. पोरं हसायची, वर "काका, कुकर लावलाय काय?" म्हणायची. शेवटी कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरून ही १८० रुपयांची बिनगोळीची घेतली.

आत हलणारं काहीच नाही. तीन पोकळ्यांतून किंचित वेगवेगळे सूर निघतात, ते एकमेकांवर आदळून आवाज थरथरतो. ही कल्पना रॉन फॉक्सक्रॉफ्ट या कॅनडाच्या बास्केटबॉल पंचाची. १९८४ साली ऐन सामन्यात त्याची गोळी अडकली होती. म्हणजे माझंच दुखणं की!

फाऊलला आखूड, हाफटाइमला लांब, सगळं स्पष्ट वाजतं. हळू फुंकली तरी बोलते, त्यामुळे पोरांना नुसतं दटावायचं असलं तरी चालते. शाहू स्टेडियममध्ये पेठांच्या संघांची फुटबॉल मॅच असली की प्रेक्षक दोन बोटं तोंडात घालून अशा शिट्ट्या मारतात की खरी कुठली ते कळत नाही. तिथं हिची परीक्षा अजून व्हायची आहे.

दोर मात्र भिकार, पंधरा दिवसांत तुटला. आता बुटाची नाडी लावलीय. आणि घरात वाजवू नका, आमची मांजर दोन दिवस माळ्यावर होती.