जेल की वार्निश? मुलांच्या दातांना फ्लोराइड देताना

दात किडू नयेत म्हणून डॉक्टर मुलांच्या दातांना फ्लोराइड लावतात, जेलमधून किंवा वार्निशमधून. आमच्या घरात दोन्ही होऊन गेलंय. थोरलीला जेल, धाकट्याला आधी जेल आणि नंतर वार्निश. गुहागरहून चिपळूणला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, त्यामुळे परतीच्या वाटेचाही विचार झालाच.

जेल आम्लधर्मी असतं. त्याने दातावरचं थोडं कॅल्शियम सुटतं आणि चार मिनिटांत कॅल्शियम फ्लोराइडचे बारीक कण दातावर बसतात. खरा साठा तोच. दातात कायमचं मुरतं ते थोडंच. तोंडात आम्ल वाढलं की हे कण विरघळून फ्लोराइड सोडतात. साठा असा खर्ची पडतो, म्हणून तीन-सहा महिन्यांनी पुन्हा फेरी. वार्निशनेही हेच कण बनतात, पण सावकाश. त्यातली राळ लाळ लागताच घट्ट होते आणि काही तास दाताला धरून बसते.

मला जेल नकोसं झालं ते नंतरच्या अर्ध्या तासामुळे. मे महिना, एसटी स्टँडवर समोर कोकम सरबताची गाडी, आणि पोराला खायचं नाही, प्यायचं नाही, चूळसुद्धा भरायची नाही. तो नुकताच सात वर्षांचा झालेला. थुंक म्हटलं तरी निम्मं गिळत होता. मार्गताम्हान्याच्या अलीकडे ओकला. सहाच्या आतल्या मुलांना जेल नको म्हणतात, पण सातव्या वर्षीही सगळ्यांना नीट थुंकता येतंच असं नाही.

वार्निशचा आकडा बघून मी आधी बिचकलो होतो: २२,६०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग फ्लोराइड), जेलच्या १२,३०० च्या जवळजवळ दुप्पट. पण ब्रशने लावतात ते थेंबभर, आणि तेही जागीच घट्ट होतं. दोन मिनिटांत काम झालं, थंड पाणी लगेच प्यायला मिळालं. रात्रीपर्यंत दात पिवळट दिसले एवढंच. आईने विचारलंन, "हळद खाल्लीन की काय याने?" कडक आणि गरम खायचं नव्हतं, तेव्हा पेज निववून दिली. ब्रश दुसऱ्या दिवशी.

राळेची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र आधीच सांगा. आणि थोरलीला जेलचा काहीच त्रास झाला नव्हता, हेही खरं. समंजस, मोठ्या मुलांना ते चालत असावं. शिवाय वार्निश जिभेला खरखरीत लागतं, अशी धाकट्याची तक्रार होतीच.

दिवाळीच्या सुट्टीत दोघांनाही वार्निशच लावून आणणार आहे. थोरलीला अजून सांगितलेलं नाही.