थर्मल कॅमेरा, रब्बीचा पूर्ण हंगाम वापरून: ±२ अंश आणि ती शटरची टिक

कॅमेरा पुण्याला सर्व्हिसला पाठवला, कुरिअर आपलं, कॅलिब्रेशनचा चार्जही आपलाच, आणि परत आला तो "युनिट स्पेसिफिकेशनमध्ये आहे" असा कागद घेऊन. रीडिंग जिथल्या तिथं, खऱ्यापेक्षा पावणेदोन अंश जास्त. फोन केला तर म्हणे ±२ च्या आत आहे ना सर, मग झालं की. अहो, तहानलेलं पान जास्त तापतं, तेच मोजायला हा कॅमेरा, आणि पाणी दिलेल्या आणि न दिलेल्या ज्वारीत फरकच मुळात तीन-चार अंशाचा सापडायलाय, त्यातले दोन तुम्हीच खाल्ले तर मी थिसिसमध्ये लिहायचं काय?

विकताना मात्र ०.०५ अंश, ०.०५ अंश चालू होतं. तो आकडा खोटा नाही, पण तो एनईटीडीचा, म्हणजे किती बारीक फरक दिसतो त्याचा. खरं तापमान किती, ते ±२ वालं कलम सांगतं. घेणाऱ्यांनी दोन्ही वेगवेगळे विचारा आणि लेखी घ्या.

आता शटर. यातला सेन्सर कूलिंग नसलेला मायक्रोबोलोमीटर, म्हणजे येणाऱ्या उष्णतेनं तापून ती मोजणारी बारीक जाळी, त्याला पानासोबत कॅमेऱ्याच्या स्वतःच्या बॉडीची गरमी पण जाणवते, म्हणून थोड्या थोड्या वेळानं आतलं शटर सेन्सरसमोर येतं, टिक वाजते, चित्र क्षणभर थांबतं आणि कॅमेरा स्वतःला सावरून घेतो. लॅबच्या एसीतून काढून थेट परभणीच्या फेब्रुवारीतल्या दुपारच्या उन्हात नेला की प्रत्येक टिकेला त्याच पानाचं रीडिंग अर्धा-पाऊण अंश उडतं. वारा नाही, ढग नाही, पान हललेलं नाही, तरी उडतं! मला याचा इतका त्रास झाला की रात्री झोपेत पण ती टिक ऐकू यायची. उपाय एवढाच की अर्धा तास आधी छत्रीखाली चालू करून ठेवायचा आणि टिक वाजली की लगेच फोटो घ्यायचा. हे मॅन्युअलमध्ये एका ओळीत उरकलंय, तिथं दोन पानं पाहिजे होती.

इथपर्यंत मी एकच स्टार देणार होतो. पण मग १९८१ चं इडसो आणि जॅक्सन या अ‍ॅरिझोनावाल्यांचं पिकाच्या पाण्याच्या ताणाच्या निर्देशांकाचं (पीक किती तहानलंय ते सांगणाऱ्या आकड्याचं) काम नीट वाचलं. त्यात पिकाचं तापमान हवेच्या तापमानाशी ताडून बघतात, म्हणजे हवा वेगळ्या थर्मामीटरनं मोजली की कॅमेऱ्याची चूक सरळ उत्तरात शिरते. नंतरच्या लोकांनी दुसरी वाट काढली, एक पान पाण्यानं ओलं करायचं, एकाला दोन्ही बाजूंनी व्हॅसलीन लावून त्याचं बाष्पोत्सर्जन बंद करायचं आणि दोन्ही त्याच फोटोत घ्यायची. पिकाच्या तापमानातून ओल्या पानाचं वजा, भागिले कोरड्या म्हणजे व्हॅसलीनवाल्या पानाच्या तापमानातून ओल्याचं वजा. तिन्हीकडं तेच पावणेदोन अंश जास्त असले तर वजाबाकीत उडून जातात! फक्त तिन्ही एकाच टिकेनंतरच्या एकाच फोटोत पाहिजेत. हे केल्यावर पाणी दिलेले आणि न दिलेले प्लॉट असे स्वच्छ वेगळे पडले की गाईड सर पण खुर्ची पुढं ओढून बघायला लागले.

कॅमेऱ्याचं रीडिंग खऱ्या तापमानाशी ताडायला जाड अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांना मॅट काळा स्प्रे मारला, मागून पीटी१०० (प्लॅटिनमचा तापमान सेन्सर) चिकटवला, एक पट्टी उन्हात ठेवली, एक सावलीत. के-टाईप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) स्वस्त पडतं पण साध्या ग्रेडला त्याचीच चूक ±२.२ अंश, म्हणून क्लास ए, म्हणजे जास्त अचूक ग्रेडचा, पीटी१०० च घ्या आणि थर्मासमधल्या बर्फ-पाण्यात शून्य तपासा. सगळं मिळून सर्व्हिसच्या बिलाच्या पाव खर्चात झालं.

एक लक्षात ठेवा, शेडच्या नव्या चकचकीत पत्र्यावर धरला तर कॅमेरा गारेगार दाखवतो आणि हात लावला तर चटका बसतो, कारण पत्रा स्वतः कमी उत्सर्जन करतो आणि वरच्या गार आभाळाचं प्रतिबिंब देतो. पानाला ही अडचण जवळपास नाही, त्याची उत्सर्जकता, म्हणजे स्वतःची उष्णता बाहेर टाकायची क्षमता, जास्तीत जास्त १ पैकी ०.९५ च्या वर असते. आणि पॅलेट (कुठल्या तापमानाला कुठला रंग ते) ऑटोवर ठेवू नका, प्रत्येक फोटोत रंग बदलतात. बांधावरचे काका स्क्रीनमध्ये बघून घाबरून म्हणले, "सर, माझं वावर लालभडक दिसायलंय, रोग पडला का?" आधीच्या फोटोत तेच वावर पिवळं होतं. स्केल २० ते ४५ वर लॉक करून दाखवलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

कॅमेऱ्याला चार स्टार, सर्व्हिसला एकही नाही. एएमसीचं (वर्षाच्या देखभाल कराराचं) कोटेशन आलंय, ते भरणार नाही, त्या पैशात खरिपाच्या सोयाबीनसाठी आणखी दोन पट्ट्या आणि एक मोठी छत्री घेतोय.