गीझर ‘दुरुस्त’ झाला, पण थर्मोस्टॅट निकामी करून

गॅस गीझर चालू केल्यावर थोड्याच वेळात पाणी कढत होऊन ज्योत आपोआप विझत असेल, आणि घरी आलेल्या मेकॅनिकने तो अर्ध्या तासात न विझता चालवून दाखवला, तर पैसे देण्याआधी त्याच्याकडून पुढचे झाकण उघडून घ्यावे आणि आतल्या थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी फार तापले की गॅस बंद करणाऱ्या भागाच्या, तारा स्वतः पाहाव्यात. आमच्याकडे त्या तारा पाहिल्या गेल्या तेव्हा पैसे देऊन झाले होते आणि आई भाजता भाजता वाचली होती.

ग्वाल्हेरला पौष-माघात सकाळच्या पाण्यात हात घालवत नाही. लष्कर भागातल्या आमच्यासारख्या जुन्या घरांत, जिथे वायरिंगवर जास्त भार टाकायची भीती वाटते, तिथे सिलिंडरवर चालणारा सहा लिटरचा गॅस गीझर बऱ्याच जणांकडे असतो. आमचा गीझर न्हाणीघराबाहेर गॅलरीच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत बसवलेला आहे. घर वरच्या मजल्यावर आणि टाकी डोक्यावरच, त्यामुळे पाण्याला मुळातच जोर कमी. शिवाय तिघरा धरणाचे नळाचे पाणी पुरत नाही म्हणून त्याच टाकीत आम्ही बोअरचे पाणीही सोडतो. बिघाडाचे मूळ याच दोन गोष्टींत होते, पण आलेल्या माणसाने त्यांतली एकही विचारली नाही.

त्याचा नंबर इंटरनेटवर कंपनीच्या नावासमोर ‘अधिकृत सेवा केंद्र’ म्हणून दिलेला होता. माणूस कंपनीचे चिन्ह असलेला शर्ट घालून आला, बोलायला अतिशय नम्र होता, आणि गीझर एकदा पेटवून विझल्यावर लगेच म्हणाला, “सेन्सर और इग्निशन बॉक्स दोनों गए हैं, अंकलजी.” आईला त्याने चहा करायला आत पाठवले आणि मला खाली जाऊन सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला सांगितले. काम चालू असताना गॅस बंद ठेवणे योग्यच असते, त्यामुळे त्यात वावगे काही वाटण्याचे कारण नव्हते. मी वर येईपर्यंत झाकण पुन्हा बसलेले होते. नंतर गीझर बराच वेळ अखंड चालला. बिल झाले 3,800 रुपये, म्हणजे थोडी भर घातली तर नवा गीझर यावा एवढे. बिलावर कंपनीचे चिन्ह होते, पण पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता, आणि ऑनलाइन पैसे पाठवताना समोर आलेले नाव कुठल्याशा खासगी व्यक्तीचे होते. जुने सुटे भाग मागितले तेव्हा ते कंपनीत जमा करावे लागतात, असे उत्तर मिळाले.

त्याने नेमके काय केले ते कळण्यासाठी या यंत्राची रचना थोडी समजून घ्यावी लागते. नळ उघडला की पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, बटण दाबले जाते, दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते आणि विजेवर चालणारी झडप उघडून गॅस येतो. तापलेले पाणी तांब्याच्या कॉइलमधून बाहेर पडते त्या नळीवर नाण्याएवढा एक थर्मोस्टॅट बसवलेला असतो. नळी मर्यादेबाहेर तापली की त्यातला संपर्क तुटतो, झडपेचा प्रवाह थांबतो आणि गॅस बंद होतो; नळी निवली की गीझर पुन्हा पेटतो. आमचा गीझर विझत होता तो याच कारणाने. म्हणजे थर्मोस्टॅट बिघडलेला नव्हता, तो आपले काम चोख करत होता. त्या गृहस्थाने त्याच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि थर्मोस्टॅट तसाच लोंबकळत ठेवला. पाणी कितीही तापले तरी आता गॅस बंद होण्याचा मार्गच उरला नव्हता.

हे उघड झाले ते टाकी रिकामी होत आली होती त्या सकाळी. धार बारीक झाली, तरी पडद्यावरचा दाब बटण सुटण्याइतका कमी झाला नव्हता. ज्योत पूर्ण जोरात राहिली आणि नळातून पाण्याऐवजी वाफेचे फुत्कार येऊ लागले. आई बादलीपासून दूर उभी होती म्हणूनच निभावले. सिलिंडर बंद केला आणि या वेळी वॉरंटी कार्डावर छापलेल्या क्रमांकावर फोन केला.

दुसऱ्या मेकॅनिकने झाकण आमच्यासमोर उघडले. ‘बदललेल्या’ इग्निशन बॉक्सवर गीझर घेतला त्याच वर्षाचे कारखान्याचे लेबल धुळीसकट जागेवर होते. पाणी आत येते तिथली जाळी पांढऱ्या क्षाराने आणि बारीक रेतीने बुजली होती, आणि कॉइलमध्येही बोअरच्या पाण्याचे पुट चढले होते. पाणी कमी आणि आच तेवढीच, त्यामुळे कॉइल तापत होती. त्यात थंडी म्हणून आम्ही गॅसची कळ कमाल खुणेवर ठेवत होतो. त्याने जाळी धुतली, कॉइलमध्ये लिंबूसताचे पाणी फिरवले, तारा पुन्हा थर्मोस्टॅटला जोडल्या आणि शे-पाचशे रुपये घेतले.

हा दोष घरच्या घरी ओळखता येतो. सहा लिटरच्या गीझरखाली पंधरा लिटरची बादली सुमारे अडीच मिनिटांत भरली पाहिजे. त्याहून फार वेळ लागत असेल तर आधी जाळी आणि शॉवरची चाळणी पाहावी. विझतेवेळी पाणी कोमटच असेल तर कारण बहुधा सेल उतरल्याचे असते, आणि दर वेळी बरोबर वीस मिनिटांनी विझत असेल तर ती पुष्कळ गीझरांत मुद्दाम ठेवलेली वेळमर्यादा आहे, बिघाड नव्हे. ज्योत निळी न राहता पिवळी झाली किंवा वर काजळी धरू लागली, तर मात्र गीझर वापरूच नये. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसला जो वास मुद्दाम दिलेला असतो तो इथे सावध करत नाही. आमचा गीझर बंद न्हाणीघरात असता तर अशा हयगयीचा परिणाम वाफेवर थांबला नसता. भाग न बदलता पैसे उकळणे ही लबाडी नेहमीची आहे, तिचे नुकसान रुपयांत मोजता येते. सुरक्षेचा भाग निकामी करून त्याला दुरुस्ती म्हणणे हा माझ्या मते सरळ गुन्हा आहे.

झाकण उघडताना मोबाइलवर चित्रीकरण केले होते, आणि दुसऱ्या मेकॅनिकने तारा थर्मोस्टॅटपासून काढून एकमेकींना जोडलेल्या अवस्थेत सापडल्याचे आपल्या पावतीवर लिहून दिले आहे. पहिला नंबर आता लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, आणि बनावट सेवा केंद्राच्या नंबरबद्दल 1930 या सायबर मदत क्रमांकावरही कळवले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ती करायला दोन वर्षांची मुदत आहे. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचा पत्ता हाती आला की तिथला अर्ज दाखल होईल. त्यासाठी लागणारे बिल, पावती आणि चित्रफीत एका जागी ठेवली आहे.