बायरॉइथ ड्रॅगून, 28 मिमी : रंग उतरवून पुन्हा रंगवल्यानंतरचे पाच महिने

टेबलावरच्या युद्धखेळासाठीच्या 28 मिमी मापाच्या छोट्या पुतळ्यांत, जुन्या, आधीच रंगवलेल्या प्रशियन घोडदळात एक चूक हमखास सापडते. पायदळासाठी आणलेला गडद प्रशियन निळाच ड्रॅगूनांनाही (घोडदळाचाच एक प्रकार) फासलेला असतो. सात वर्षांच्या युद्धात (1756-63) प्रशियाचे ड्रॅगून फिकट निळ्या कोटात होते. त्याआधीचा पांढरा कोट 1745 च्या सुमारास गेला. इथले वीस धातूचे स्वार 5व्या, म्हणजे बायरॉइथ रेजिमेंटचे : फेसिंग (कोटाच्या कफ-कॉलरचा वेगळा रंग) किरमिजी, टोपी तिकोनी. बहुतेक ड्रॅगून रेजिमेंटमध्ये पाच स्क्वाड्रन (घोडेस्वारांच्या तुकड्या) असत, हिच्यात दहा, त्यामुळे टेबलावर वीस स्वार मुळीच जास्त वाटत नाहीत.

जुना रंग काढायला तपकिरी डेटॉल पाणी न घालता वापरलं. काचेच्या बरणीत 24 तास, मग जुन्या टूथब्रशने घासणं. घासताना ब्रश डेटॉलमध्येच बुडवायचा. रंग पूर्ण निघण्याआधी पाणी लागलं तर सुटलेला रंग डिंकासारखा चिकट होतो आणि चेहऱ्याच्या, लगामाच्या खाचांत जाऊन बसतो. पाणी आणि भांड्यांचा साबण शेवटी. हातमोजे हवेतच. ॲक्रिलिक एका फेरीत निघालं, खालच्या जुन्या इनॅमलला तीन फेऱ्या लागल्या.

बदलांपैकी सगळ्यात उपयोगी ठरला तो तलवारीचा. ओतीव तलवार मऊ धातूची. वाकली की सरळ करायची, असं तीन-चार वेळा झालं की मुठीपाशी तुटते. सगळ्या कापून टाकल्या. 0.8 मिमी पितळी तार हातोडीने चपटी करून कानशीने पातं काढलं : बाहेर 16 मिमी, मुठीत 4 मिमी. मुठीत जाणारा भाग गोलच ठेवायचा, म्हणजे 0.8 च्या ड्रिलने पाडलेल्या भोकात तो घट्ट बसतो. मूठ जेमतेम 2 मिमी रुंद असते, म्हणून आधी सुईने खूण करावी, नाहीतर ड्रिल घसरून बोटं कापतं. ड्रॅगूनची तलवार सरळ असते, हुसारच्या (हलक्या घोडदळाच्या) तलवारीसारखा बाक देऊ नये. पाच महिन्यांत वीसपैकी एकही तुटली नाही. दोन वाकल्या, त्या बोटाने सरळ झाल्या.

चार घोड्यांच्या माना सोनार वापरतात तसल्या बारीक करवतीने कापून साधारण 15 अंश वळवल्या, आत 1.2 मिमीची पिन घातली. फट ग्रीन स्टफने (निळा-पिवळा भाग मळून वापरायच्या इपॉक्सी पुट्टीने) भरली आणि तिच्यावरच आयाळ कोरली, त्यामुळे सांधा दिसत नाही. ग्रीन स्टफच्या पट्टीत निळा आणि पिवळा भाग जिथे टेकतात तिथली 2 मिमी कड कापून फेकावी, तिथे आधीच घट्ट झालेल्या गुठळ्या असतात. हार्डवेअरच्या दुकानातली झटपट सुकणारी इपॉक्सी पुट्टी आयाळीला चालत नाही, फार रवाळ असते. बेसवरच्या (स्वार ज्यावर उभे असतात त्या तळफळीवरच्या) जमिनीला मात्र उत्तम.

फिकट निळ्याखाली काळा प्रायमर नको, राखाडी हवा. काळ्यावर हा निळा मळकट होतो आणि तो उजळवायला पांढरा मिसळला की खडूसारखा दिसतो. पातळ तीन हात द्यावेत. जुलै-ऑगस्टमध्ये कोकण-मुंबईच्या दमट हवेत स्प्रे वापरू नये, प्रायमर दाणेदार होतो आणि मॅट वार्निशवर पांढरी धूसर झाक येते. पावसाळ्यात दोन्ही कामं ब्रशनेच करावीत.

वार्निशबाबत मत ठाम झालंय. दहा स्वारांना फक्त मॅट दिलं होतं, दहांना आधी ग्लॉसचे दोन हात आणि 24 तासांनी मॅट. आठवड्याला साधारण एक डाव झाला. पहिल्या गटात सहा टोप्यांची टोकं आणि बऱ्याच घोड्यांची नाकपुडी धातूपर्यंत उघडी पडली. दुसऱ्या गटात एकच टोपी.

बेस 50×50 मिमी, 3 मिमी एमडीएफचे, प्रत्येकावर दोन स्वार. पाणी घातलेला फेव्हिकॉल एकाच बाजूला लावला तर एमडीएफ वाकतं आणि पेटीतली चुंबकाची पकड सुटते. दोन्ही बाजूंना वार्निशचा हात देऊन मगच रेती चिकटवावी. चुंबकी शीट धातूच्या घोडेस्वारांचं वजन पेलत नाही. बेसखाली दोन निओडिमियम चुंबक बसवल्यावर पेटी उभी धरली तरी काही हललं नाही.

निळ्या आणि किरमिजीचं मिश्रण 10 मिलीच्या बाटलीत जपून ठेवावं. टोप्या काळ्या, त्या कशानेही दुरुस्त होतात, पण कफावर दुसऱ्यांदा मिसळलेला किरमिजी ठिगळासारखा उठून दिसतो.