कॅसेटी वाचल्या, पण जात्याची घरघर मागून घ्यावी लागली

सांगलीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. तिथे कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देतात. मी सहा कॅसेटी दिल्या. १९९३ साली वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीला घेऊन जात्यावर ओव्या गात दळायला बसल्या की मी रेकॉर्डिंगला टेप लावून ठेवायची. २०१९च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं, ट्रंक भिजली आणि फितीवर पांढरी बुरशी धरली.

कारागिराचा हात फार चांगला. त्याने कॅसेट आधी वाजवलीच नाही, कारण बुरशी टेपच्या हेडला, म्हणजे फीत जिथे घासून वाजते त्या भागाला, लागून पुढच्या कॅसेटवर जाते. पाच स्क्रू काढून फीत सोडवली, हळूहळू फिरवत पुसली आणि दुसऱ्या खोक्यात बसवली. चुकून वरून रेकॉर्ड होऊ नये म्हणून कडेचे दोन्ही कान मोडले. कॅसेटमागे २५० रुपये घेतले. साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटंच लागतात, त्या मानाने हे जास्त नाहीत.

तक्रार एकच. पहिल्या प्रतीत त्याने मला न विचारता आवाज ‘साफ’ केला होता. खरखर गेली, तशी जात्याची घरघरही गेली! आत्याबाईंचा सूर खुंट्याच्या फेऱ्यावर चालायचा. जात्यात मूठभर वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालताना ओवी थांबायची, दाणे पडल्याचा आवाज यायचा, मग शेजारीण पुढची ओळ उचलायची. साफ केलेल्या प्रतीत तिथे नुसती पोकळी. लोकसाहित्याच्या अभ्यासक, बागणीच्या सरोजिनी बाबरांनी किती लोकगीतं जमवून छापली, त्यामुळे शब्द तरी हाती राहिले. पण बाई दम कुठे घेते, हे कागदावर उतरत नाही. आम्ही ते टेपवर धरलं होतं आणि तेच पुसलं गेलं. मला तिथेच रडू आलं.

मूळ फीत शाबूत होती. त्याने काही न बोलता, जादा पैसे न घेता सगळं पुन्हा उतरवलं. तुम्ही गेलात तर आधीच सांगा: आवाजाला हात लावू नका आणि वेव्ह फाईल, म्हणजे आवाज न दाबता ठेवलेली फाईल, द्या. एमपीथ्रीत फाईल लहान करण्यासाठी बारीक आवाज टाकून देतात. वेव्हमध्ये तासाला ६०० एमबीच्या वर जागा लागते, पेनड्राइव्ह मोठा न्या. फाईलींना ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ अशी नावं येतात; गाणारीचं नाव, गाव आणि साल चिठ्ठीवर लिहून द्या, तो तशीच घालून देतो.

सहाव्या कॅसेटची दुसरी बाजू अजून त्याच्याकडेच आहे. फीत चिकटली आहे. घाई करू नका, म्हणून सांगून आले.